कागदात नॅनोसेल्युलोज घालण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्राफ्ट पेपरच्या (पेट्या-पिशव्यांचा मजबूत, तपकिरी कागद) मिलमध्ये मी आधी लगद्याकडे आणि नंतर मशीनवर बरीच वर्षं काढली. आता सोलापुरात राहून छोट्या मिलना आणि हातकागद करणाऱ्यांना चाचण्या करून देतो. चिंचोळी एमआयडीसीतले पेटीवाले, अक्कलकोट रोडचे टॉवेल कारखानदार, सांगोल्याचे डाळिंब बागायतदार, प्रोजेक्ट करणारी मुलं अशा सगळ्यांकडून नॅनोसेल्युलोजबद्दल साधारण तेच प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. मशीन चालवणाऱ्याला घाई असेल तर त्याने निदान प्रश्न ७ वाचावा.

१. नॅनोसेल्युलोज म्हणजे नेमकं काय? हे केमिकल आहे की लगदाच?

मुळात लगदाच आहे. सोलापूरकराला हे सुतावरून पटकन कळेल. सुताचा पीळ उलगडला की आत कापसाचे तंतू दिसतात. त्या एकेका तंतूचाही पीळ उलगडता आला, तर आत आणखी हजारो बारीक तंतू सापडतील. लाकडाचा एक तंतू साधारण २० ते ४० मायक्रॉन रुंद असतो. त्याच्या आतले सुटे केलेले तंतू ५ ते ५० नॅनोमीटरचे, म्हणजे जवळपास हजारपट बारीक. लांबी मात्र काही मायक्रॉन टिकून राहते, त्यामुळे ते लांबट आणि लवचिक असतात.

हातात येतं ते पांढरट, घट्ट जेल. पेजेपेक्षा दाट, केसांना लावायच्या जेलसारखं. त्यात २ टक्के सेल्युलोज आणि ९८ टक्के पाणी असलं तरी भांडं उलटं केल्यावर ते पटकन खाली पडत नाही. पाणी धरून ठेवण्याचा हा गुण लक्षात असू द्या. पुढचे सगळे फायदे आणि सगळे त्रास त्यातूनच येतात.

२. एमएफसी, सीएनएफ, सीएनसी अशी नावं ऐकतो. कागदासाठी यातलं कुठलं घ्यायचं?

लगद्यात घालायचं असेल तर एमएफसी (मायक्रोफायब्रिलेटेड सेल्युलोज) किंवा सीएनएफ (सेल्युलोज नॅनोफायबर). दोन्ही लांबट तंतूच आहेत. एमएफसी जरा जाड आणि मिश्र मापाचं असतं, सीएनएफ अधिक बारीक. बाजारात ही दोन नावं एकमेकांच्या जागी सर्रास वापरली जातात, म्हणून नावावर जाऊ नका, नमुना मागवा.

सीएनसी (सेल्युलोज नॅनोक्रिस्टल) म्हणजे स्फटिक. तीव्र सल्फ्युरिक आम्लाने तंतूचा मऊ भाग खाऊन टाकल्यावर उरणाऱ्या आखूड, ताठ कांड्या. लाकडापासून केलेल्या कांडीची लांबी १०० ते २५० नॅनोमीटर. लगद्यात टाकल्या तर त्या तंतूंना धरत नाहीत, पाण्याबरोबर खाली निघून जातात. कोटिंगमध्ये आणि इतर उद्योगांत त्यांना जागा आहे, पण १८ बीएफचा (बर्स्ट फॅक्टर, म्हणजे दाबाने फुटेपर्यंत कागद किती टिकतो त्याचा आकडा; हिशेब प्रश्न ८ मध्ये) क्राफ्ट करणाऱ्याने त्यात पैसे घालू नयेत.

३. एवढ्याशा वस्तूने कागद मजबूत कसा होतो?

कागदाची ताकद दोन गोष्टींत असते: तंतू स्वतः किती मजबूत आहे आणि तंतू एकमेकांना किती जागी चिकटले आहेत. बहुतेक कागद दुसऱ्या ठिकाणी कमी पडतो. दोन जाड तंतू एकमेकांवर आडवे पडले की ते थोड्याच भागात टेकतात, बाकी पोकळी राहते. बारीक तंतू त्या पोकळीत शिरतात आणि एका तंतूपासून दुसऱ्यापर्यंत पूल बांधतात. कागद वाळताना पाणी आटत जातं, तसतसे हे सगळे जवळ ओढले जातात आणि सेल्युलोज-सेल्युलोज हायड्रोजन बंध तयार होतात. बाहेरून डिंक लागत नाही.

जुन्या पुठ्ठ्यांच्या लगद्यात हा फरक जास्त जाणवतो. एकदा वाळलेला तंतू पुन्हा भिजवला तरी पहिल्यासारखा फुगत नाही, कडक राहतो आणि नीट चिकटत नाही. आपल्या भागातल्या मिल रद्दीवरच चालतात, म्हणून हा विषय आपल्या कामाचा आहे.

४. मग रिफायनरच जास्त चालवला तर तेच होणार नाही का?

काही प्रमाणात होतं, आणि नॅनोसेल्युलोज विकत घेण्याआधी ते करून बघायलाच हवं. रिफायनर, म्हणजे लगदा कुटणारं यंत्र, तोही तंतूच्या अंगावरचे बारीक धागे सोडवतो. पण तो सगळ्याच लगद्याला कुटतो. ताकद मिळते तशी तंतूंची लांबीही तुटत जाते आणि एसआर (लगदा पाणी किती सावकाश सोडतो त्याचा आकडा) वर चढतो. रद्दीचा तंतू आधीच आखूड, तो आणखी आखूड होतो.

नॅनोसेल्युलोजची युक्ती अशी आहे की शंभरातले दोन-तीन भाग पूर्ण कुटायचे आणि बाकीच्या सत्त्याण्णव भागांना बेताचंच कुटायचं. म्हणून ते घालताना रिफायनरचा भार आधीइतकाच ठेवू नका, थोडा कमी करा. दोन्ही एकदम वाढवणारे लोक मला नंतर प्रश्न ७ विचारतात.

५. किती टाकायचं? जेल किती लागेल?

कोरड्या तंतूच्या वजनावर १ ते ५ टक्के ही नेहमीची मर्यादा. पहिली चाचणी १, २ आणि ३ टक्क्यांवर करा.

हिशेब नीट समजून घ्या, कारण इथे फसगत होते. १ टन कागदाला २ टक्के म्हणजे २० किलो कोरडं नॅनोसेल्युलोज. जेल २ टक्क्यांचं असेल तर २० किलोसाठी १००० किलो जेल लागेल. म्हणजे टनाला टन! ५० किलोचा ड्रम बघून कोणी म्हणालं की ‘यात अडीच टन कागद निघेल’, तर आत कोरडा माल किती हे विचारा. २ टक्क्यांच्या ५० किलो जेलमध्ये तो फक्त १ किलो आहे. दरही नेहमी कोरड्या किलोचा विचारायचा, जेलच्या किलोचा कधीच नाही.

६. कुठे आणि कोणत्या क्रमाने टाकायचं?

हे मी ठेच खाऊन शिकलो. पहिल्या चाचणीत आम्ही ड्रममधलं घट्ट जेल बादलीने सरळ मशीन चेस्टमध्ये, म्हणजे मशीनआधीच्या लगद्याच्या टाकीत, ओतलं. अॅजिटेटर चालूच होता, वाटलं मिसळेल. मिसळलं नाही. गोळे तसेच वायरवर (जिथे लगद्यातलं पाणी निथळून कागद बनतो ती जाळी) आले, कागदावर काचेसारखे चकचकीत ठिपके पडले, प्रेसला कागद चिकटून तुटायला लागला आणि आख्खी पाळी त्यात गेली. त्या दिवशी मालात दोष नव्हता, टाकणाऱ्या आम्हा लोकांत होता.

जेल आधी पातळ करा, अर्ध्या टक्क्याच्या खाली आणा, आणि जोराच्या मिक्सरवर इतकं फिरवा की काचेवर थेंब पसरून उजेडाकडे धरल्यावर एकही गाठ दिसू नये. मगच लगद्याकडे न्या.

क्रमही तितकाच महत्त्वाचा. तंतूवर ऋण भार असतो आणि नॅनोसेल्युलोजवरही ऋण भार असतो, त्यामुळे ते आपण होऊन एकमेकांना धरत नाहीत. मध्ये धन भाराचं काहीतरी हवं. कॅटायनिक स्टार्च टनाला ५ ते १० किलो या प्रमाणात आधी लगद्यात घाला, ते तंतूवर बसायला वेळ द्या, मग पातळ केलेलं नॅनोसेल्युलोज घाला. रिटेन्शन एड (बारीक माल कागदात धरून ठेवणारं रसायन) नेहमीच्या जागी, हेडबॉक्सच्या, म्हणजे वायरवर लगदा सोडणाऱ्या पेटीच्या, जवळ. स्टार्च आणि जेल एकाच टाकीत कालवून ठेवू नका. ते आपापसातच गुठळ्या करतात आणि तंतूपर्यंत पोचतच नाहीत.

७. ताकद वाढली, पण वायरवर पाणीच सुटत नाही. मशीनचा वेग कमी करावा लागला. काय चुकलं?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. चुकलं असेलच असं नाही, हा या वस्तूचा स्वभाव आहे. ताकद देणारी आणि पाणी अडवणारी गोष्ट एकच आहे: बारीकपणा. म्हणून माझं सांगणं असं की नॅनोसेल्युलोजचं यश बर्स्टच्या आकड्यावरून ठरवू नका. तोच बर्स्ट मशीनच्या पूर्वीच्याच वेगाने मिळतो का, यावरून ठरवा.

बरेच जण म्हणतात, ‘जेलमध्ये एवढं पाणी आहे म्हणून होतंय.’ तसं नाही. हेडबॉक्समध्ये लगदा ०.८ टक्क्यांवर असेल तर १ टन तंतूमागे सव्वाशे टन मिश्रण वाहतं. त्यात जेलबरोबर आलेलं टनभर पाणी कुठल्या कुठे जातं. खरी अडचण ही की बारीक तंतू ओल्या कागदाच्या वाटा बुजवतात आणि स्वतःही पाणी धरून ठेवतात.

त्याचा खर्च ड्रायरवर दिसतो. प्रेसमधून निघणाऱ्या कागदाचा कोरडेपणा १ टक्क्याने घटला की ड्रायरची वाफ साधारण ४ टक्क्यांनी वाढते, हा मिलमधला जुना ठोकताळा आहे. कोरडेपणा दोन-तीन टक्क्यांनी पडला तर बॉयलरकडचा माणूस तुमच्याआधी तक्रार करेल.

उपाय या क्रमाने करून बघा. रिफायनरचा भार कमी करा (प्रश्न ४). मात्रा ३ वरून २ किंवा १ वर आणा. ताकदीतली पहिली वाढ कमी मात्रेतच मिळते, पुढे ती मंदावते आणि पाणी मात्र अडतच जातं. स्टार्च आणि रिटेन्शन एडची मात्रा पुन्हा जुळवा, कारण तंतूवर घट्ट बसलेलं नॅनोसेल्युलोज मोकळ्या तरंगणाऱ्यापेक्षा कमी पाणी अडवतं. तरीही जमलं नाही तर खरखरीत एमएफसी घेऊन बघा. बारीक तितकं चांगलं हा समज प्रयोगशाळेत चालतो, आपल्या जुन्या मशीनवर चालत नाही.

थराचा पुठ्ठा करत असाल तर आणखी एक वाट आहे: सगळ्या थरांत न घालता एकाच थरात घाला. बाकीचे थर नेहमीसारखं पाणी सोडतात.

८. आमचा कागद १६ बीएफचा आहे, १८ होईल का?

आधी आकडा उलगडू. १४० जीएसएमला (चौरस मीटरला १४० ग्रॅम वजनाचा कागद) १६ बीएफ म्हणजे चौरस सेंटिमीटरला २.२४ किलो बर्स्ट. १८ बीएफला २.५२ किलो लागेल. म्हणजे १२.५ टक्के वाढ हवी. बंध कमकुवत असलेल्या रद्दीच्या लगद्यात २-३ टक्के मात्रेने हाताने केलेल्या शीटमध्ये एवढी वाढ मिळणं शक्य आहे. मशीनवर त्यातली काही वाढ हरवते, कारण सगळा माल कागदात राहत नाही. मी कोणालाही आकड्याची खात्री देत नाही. तुमच्या रद्दीच्या शीट करून बघितल्याशिवाय दुसऱ्या कोणी दिली तरी घेऊ नका.

९. बर्स्ट वाढला पण कागद फाडायला सोपा झाला. असं उलटं कसं?

उलटं नाही. कागद फाटताना तंतू शेजाऱ्यांमधून ओढून बाहेर निघतात आणि त्या ओढण्यातच जोर खर्च होतो. बंध फार घट्ट झाले की तंतू निघायच्या ऐवजी जागीच तुटतो, कमी जोरात. म्हणून टेन्साइल (ताणाची ताकद) आणि बर्स्ट वर जातात तेव्हा टिअर (फाडायला लागणारा जोर) बऱ्याचदा खाली येतो. सिमेंटची पिशवी किंवा धान्याची गोणी करणाऱ्याने तिन्ही मोजायला हवेत. पेटीवाल्याला टिअरची तेवढी काळजी नाही.

१०. छपाईसाठी गुळगुळीतपणा हवा आहे. लगद्यात घातलं तर कागद गुळगुळीत होईल?

थोडा होईल, पण त्यासाठी लगद्यात घालणं ही लांबची वाट आहे. लगद्यात घातलेलं नॅनोसेल्युलोज सगळ्या जाडीत विखुरतं, शाई मात्र वरच्या काही मायक्रॉनशीच बोलते. गुळगुळीतपणाच हवा असेल तर ते साइझ प्रेसला (कागदाच्या पृष्ठभागाला स्टार्च लावणारे रोल) किंवा कोटिंगमध्ये स्टार्चबरोबर द्या. तिथे ते पृष्ठभागावरचे खड्डे भरतं, वरची भोकं झाकतं आणि शाई आत न शोषता वर राहते. मात्र स्टार्चमध्ये थोडंसं मिसळलं तरी द्रावण एकदम घट्ट होतं, म्हणून अगदी कमीपासून सुरुवात करा.

कॅलेंडरशी तुलना केली तर त्याचं महत्त्व कळतं. कॅलेंडरने, म्हणजे घट्ट रोलांमधून, दाबूनही कागद गुळगुळीत होतो, पण जाडी जाते, कागद लुळा पडतो. खड्डे भरून मिळालेला गुळगुळीतपणा तेवढी जाडी खात नाही.

मोजताना एक घोळ नेहमी होतो. बेंड्टसनच्या यंत्रावर हवा किती निसटते ते मोजतात, त्यामुळे आकडा जितका कमी तितका कागद गुळगुळीत. बेकच्या यंत्रावर ठरावीक हवा जायला लागणारे सेकंद मोजतात, तिथे आकडा जितका जास्त तितका गुळगुळीत. दोन प्रयोगशाळांचे अहवाल शेजारी ठेवून ‘कागद बिघडला’ म्हणणारे फोन मला आले आहेत. आधी यंत्राचं नाव बघा. वायरची बाजू आणि वरची बाजू वेगवेगळी मोजा.

११. कागद पातळ आणि पारदर्शक वाटायला लागला. पाठीमागची छपाई दिसते.

तंतू आणि हवा यांच्या सीमेवर उजेड विखुरतो, म्हणून कागद पांढरा आणि अपारदर्शक दिसतो. पोकळ्या बुजल्या की उजेड आरपार जातो. सोलापुरात पंचांगं छापली जातात, त्या पातळ कागदाला दोन्ही बाजूंनी बारीक टाइप असतो. तिथे हा दोष लगेच डोळ्यांत भरेल.

उपाय आहे आणि तो फायद्याचा आहे: फिलर, म्हणजे कागदात भरायची खनिज भुकटी, वाढवा. खडूच्या भुकटीने अपारदर्शकता येते, पण एरवी ती वाढवली की ताकद पडते. नॅनोसेल्युलोज ती पडझड भरून काढतं. फिलर तंतूपेक्षा स्वस्त असतो, त्यामुळे छपाईच्या कागदात पैसे वाचवण्याची खरी जागा ही आहे. ‘तीच ताकद, जास्त फिलर’ हे गणित मला ‘तोच फिलर, जास्त ताकद’ यापेक्षा जास्त वेळा जमताना दिसलं आहे.

१२. आम्ही डाळिंब पाठवतो. कोल्ड स्टोरेजमध्ये पेट्या बसतात, खालचं फळ दबतं. या कागदाने थांबेल का?

फक्त याने थांबणार नाही, आणि मी तुम्हाला तशी आशा लावणार नाही. डाळिंब ५ ते ७ अंशांना, ९० टक्क्यांच्या वर आर्द्रतेत ठेवतात. एवढ्या दमट हवेत पेटी आपली कोरड्या हवेतली निम्म्याच्या आसपास ताकद गमावते. कारण कागदाचे बंध पाण्याने सैल होतात, आणि नॅनोसेल्युलोजचे बंधही त्याच जातीचे आहेत. त्याला पाणी आवडतं, त्यामुळे ते दमटपणावरचं औषध होऊ शकत नाही.

पेटी मुळात जास्त ताकदीची असेल तर अर्धी होऊनही जास्त उरते, एवढा फायदा आहे. त्यासाठी पेटीवाल्याकडे बर्स्ट सोडून रिंग क्रशचा (कागद उभा दाबला तर किती जोर सोसतो तो) आणि तयार पेटीच्या कॉम्प्रेशनचा आकडा मागा. थर रचताना पेटीवर पेटी कोपऱ्याला कोपरा जुळवून ठेवा, कारण भार कोपरे घेतात. जोडाचा डिंक ओलाव्यात टिकणारा आहे का ते विचारा. आणि मे महिन्यात थंड पेटी एकदम बाहेरच्या बेचाळीस अंशांत काढली की तिच्यावर दव धरतं. निम्म्या तक्रारींचं मूळ मला तिथेच सापडलं आहे.

१३. शेंगाचटणीच्या पुडीतून तेल बाहेर येतं. प्लास्टिक न लावता कागदावरच काही करता येईल?

हा प्रश्न मला मनापासून आवडतो, कारण इथे नॅनोसेल्युलोजचा खरा गुण दिसतो. तेल कागदाच्या भोकांतून पसरतं. कागदावर नॅनोसेल्युलोजचा सलग थर दिला आणि तो वाळला की भोकं बंद होतात, आणि सेल्युलोजला तेल आवडत नाही. बटर पेपरमागेही हेच तत्त्व आहे: लगदा इतका कुटायचा की भोकंच उरू नयेत. कोरड्या हवेत हा थर हवेतला ऑक्सिजनही चांगला अडवतो, म्हणजे दाण्याचं तेल खवट व्हायलाही वेळ लागेल.

अडचणी तीन. थरात टाचणीच्या टोकाएवढं भोक राहिलं तरी तेल तिथून निघतं, म्हणून पातळ असे दोन थर द्यावे लागतात. पुडीची घडी पडते तिथे थराला चीर जाते. आणि पावसाळ्यात दमट हवेत थर फुगतो, ऑक्सिजन अडवण्याची ताकद घटते. पाण्याची वाफ तर तो कधीच नीट अडवत नाही. म्हणून कडक भाकरीसाठी याचा उपयोग नाही, ती सादळेलच. खाद्यपदार्थाला लागणारा कागद रद्दीचा नसावा आणि थरात मिसळलेली प्रत्येक गोष्ट खाद्यपदार्थासाठी मान्य असावी, हे वेगळं तपासून घ्या.

१४. टॉवेलच्या कातरणाचा ढीग पडलेला असतो. त्यापासून नॅनोसेल्युलोज इथंच नाही का करता येणार?

करता येतं, पण ‘कापूस शुद्ध, म्हणून सोपं’ हा हिशेब चुकतो. कापसात नव्वद टक्क्यांच्या वर सेल्युलोज असतं हे खरं. पण ते फार घट्ट, स्फटिकासारखं रचलेलं असतं आणि तंतूंच्या मध्ये हेमिसेल्युलोज जवळपास नसतं. लगद्यातलं हेमिसेल्युलोज पाणी शोषून तंतूंना एकमेकांपासून सोडवायला मदत करतं. ते नसल्यामुळे कापूस नुसता दळून उलगडायला जास्त वीज लागते. आम्लाने स्फटिक करायला मात्र कापूस उत्तम. पण ६४ टक्क्यांचं सल्फ्युरिक आम्ल, नंतरची धुलाई आणि ते सांडपाणी हे छोट्या शेडमधलं काम नव्हे. कृपा करून त्या वाटेला जाऊ नका.

शिवाय कातरणात रंग असतो, सुतावरची खळ असते, काठात किंवा शिवणीच्या दोऱ्यात पॉलिस्टर असतं. पॉलिस्टर दळलं जात नाही, धाग्याचे तुकडे तसेच राहतात.

विजेबद्दल थोडा इतिहास सांगतो. १९७० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत न्यू जर्सीतल्या व्हिपनी इथे लगदा दुधाच्या होमोजिनायझरमधून पुन्हा पुन्हा काढून पहिल्यांदा हे जेल केलं गेलं. त्याचे निबंध १९८३ मध्ये आले. वस्तू चांगली होती, पण टनामागे २५ हजार युनिटांच्या पुढे वीज जायची, म्हणून ती बरीच वर्षं मागे पडली. पुढे एन्झाइमने आधी तंतू सैल करण्याची आणि २००६ च्या सुमारास टोकियो विद्यापीठातली टेम्पो ऑक्सिडेशनची (टेम्पो नावाच्या रसायनाने तंतूवरचा ऋण भार वाढवून त्यांना सुटं करण्याची) पद्धत आली, तेव्हा विजेचा आकडा अनेक पटींनी खाली आला. म्हणजे नुसती चक्की आणून बसवणं हा धंदा १९८० च्या दशकातच तोट्यात गेलेला आहे. करायचं तर एन्झाइमसह, आणि आधी प्रयोगशाळेत.

माझं मत विचाराल तर पांढऱ्या, बिनरंगी कातरणाची जागा हातकागदात आहे. तिथे तिच्या लांब तंतूचं मोल होतं.

१५. मग चिपाड, केळीचे खांब, कडबा?

चिपाडात सेल्युलोज चाळीस-पंचेचाळीस टक्केच, पण हेमिसेल्युलोज भरपूर, त्यामुळे त्याचा शिजवलेला लगदा उलगडायला कापसापेक्षा सोपा. आधी भुसा, म्हणजे आतला गाभ्याचा मऊ भाग, काढून टाकावा लागतो. अडचण वेगळीच आहे: जिल्ह्यातले साखर कारखाने चिपाड बॉयलरला जाळून वीज करतात, त्यामुळे ते फुकट पडलेलं नाही.

केळीचा विचार जरूर करा. करमाळा भागात घड काढल्यावर खांब तोडून बांधावर टाकतात. त्याचा तंतू चांगला उलगडतो. पण खांबात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, म्हणून तो लांब वाहून नेण्यात अर्थ नाही, तंतू शेताजवळच काढायला हवा.

कडब्याला हात लावू नका. तो जनावराच्या तोंडचा आहे.

१६. जेल किती दिवस टिकतं? वाळवून ठेवलं तर?

वाळवू नका. वाळताना बारीक तंतू एकमेकांना कायमचे चिकटतात आणि पुन्हा भिजवले तरी सुटत नाहीत. उरते ती साधी भुकटी. ड्रमचं झाकण उघडं राहून वर जी साय धरते ती कालवू नका, काढून टाका. खास प्रक्रिया केलेलं कोरडं नॅनोसेल्युलोज मिळतं, पण ते घरी उन्हात वाळवलेल्यापेक्षा वेगळं असतं.

जेलला बुरशी लागते, आणि आपल्या उन्हाळ्यात लवकर लागते. सावलीत, शक्यतो गार जागी ठेवा, पुरवठादाराने सांगितलेलं बुरशीनाशक घाला. आंबट वास आला किंवा जेल पातळ झालं तर ते वापरू नका.

१७. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. चालेल?

एमएफसीला बहुधा चालतं. टेम्पो पद्धतीच्या सीएनएफला सांभाळा. त्याच्यावर कार्बॉक्सिल गट (ऋण भार देणारे रासायनिक गट) जास्त असतात आणि जड पाण्यातलं कॅल्शियम त्यांना एकमेकांशी बांधून टाकतं, मग पातळ करतानाच गुठळ्या होतात. आपल्या काळ्या दगडातल्या बोअरला जडपणा असतोच. एका ग्लासात बोअरच्या, दुसऱ्यात गाळून मृदू केलेल्या पाण्यात जेल पातळ करून शेजारी ठेवा. फरक अर्ध्या तासात डोळ्यांना दिसतो.

१८. आम्ही हातकागद करतो. आम्हाला याचा काय उपयोग?

उपयोग आहे, पण मात्रा अर्ध्या-एक टक्क्याच्या पुढे नेऊ नका. हौदातून साचा उचलल्यावर पाणी निथळायला वेळ लागतो आणि माणसाचा हात तेवढा वेळ अडकतो. शीट कापडावर घेताना चिकटते. सगळ्यात मोठा त्रास वाळवण्याचा: नॅनोसेल्युलोजचा कागद वाळताना जास्त आकसतो, आणि आपल्या उन्हात कडा आधी वाळून मध्ये पोट राहिलं की शीट वाकडी होते. सावलीत, वजनाखाली वाळवा.

गुळगुळीतपणासाठी पूर्वी पोथीचा कागद खळ देऊन दगडाने घोटत. त्या खळीत थोडं नॅनोसेल्युलोज मिसळून बघा, मग घोटा. शाई फुटणं कमी होतं. बोरूने लिहिणाऱ्या सुलेखनकारांना मी असे कागद दिले आहेत आणि ते पुन्हा मागायला आले.

१९. एकाच रोलची चाचणी मार्चमध्ये वेगळी, ऑगस्टमध्ये वेगळी. कोणती खरी?

दोन्ही खऱ्या, फक्त हवा वेगळी. उन्हाळ्याच्या दुपारी सोलापुरात कागद कडकडीत कोरडा असतो, पावसाळ्यात नरम. म्हणून चाचणीआधी कागद ठरलेल्या हवेत ठेवतात: आंतरराष्ट्रीय पद्धतीत २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रता, आपल्याकडे २७ अंश आणि ६५ टक्केही वापरतात. तशी खोली नसेल तर निदान नॅनोसेल्युलोज घातलेला आणि न घातलेला असे दोन्ही नमुने एकाच दिवशी, एकाच टेबलावर, एकाच माणसाने तपासावेत. निरनिराळ्या दिवसांचे आकडे शेजारी मांडू नका.

२०. हाताळायला धोका आहे का?

ओल्या जेलचा विशेष नाही. जमिनीवर सांडलं तर घसरायला होतं, लगेच धुवा. वाळलेली धूळ नाकात जाऊ देऊ नका. कोरडं पोतं हाताळताना आणि वाळलेले थर खरवडताना मास्क लावा.

२१. भारतात माहिती किंवा नमुना कुठे विचारायचा?

आपल्याला जवळ मुंबई. माटुंग्याची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, म्हणजे सर्कॉट, १९२४ पासून कापसावर काम करते आणि तिथे नॅनोसेल्युलोजचा प्रायोगिक प्रकल्प आहे. कातरणवाल्यांनी आधी तिथे विचारावं. लगदा आणि कागदासाठी सहारनपूरची केंद्रीय संस्था आहे, हातकागदासाठी जयपूरजवळ सांगानेरची. जाताना स्वतःच्या लगद्याचा नमुना घेऊन जा, नुसता प्रश्न नेला तर उत्तरही मोघम मिळतं. दर कसा विचारायचा ते प्रश्न ५ मध्ये आहे.

२२. पातळ केलं, क्रम पाळला, मात्राही बरोबर. तरी काहीच फरक नाही. आता?

तीन शक्यता तपासा. पहिली, माल कागदात राहिलाच नाही. चाचणीआधीचं आणि चाचणी चालू असतानाचं बॅकवॉटर (वायरखाली निथळलेलं पाणी) दोन काचेच्या बरण्यांत घेऊन रात्रभर ठेवा. दुसरी बरणी सकाळीही पहिलीपेक्षा गढूळ असेल तर तुमचे पैसे पाण्याबरोबर वाहताहेत. प्रश्न ६ कडे परत जा.

दुसरी, लगदा आधीच फार कुटलेला आहे. बंध होण्याची जागा भरलेली असेल तर नव्या पुलांना टेकायला जागा नसते. न कुटलेल्या लगद्याच्या शीटमध्ये तेच नॅनोसेल्युलोज घालून बघा. तिथे फरक दिसला तर दोष रिफायनरच्या भाराचा.

तिसरी जरा दुःखद आहे. तंतूच थकलेला असतो. पाच-सहा वेळा रद्दीतून फिरून आलेला, आखूड, ठिसूळ तंतू बंध सुटायच्या आधी स्वतःच तुटतो. कागद फाडून कड भिंगाखाली धरा. तंतूंची लांब टोकं बाहेर आलेली दिसली तर बंध कमी पडताहेत आणि जेलचा उपयोग होईल. कड वस्तऱ्याने कापल्यासारखी स्वच्छ दिसली तर जेलचे पैसे वाचवा आणि लगद्यात दहा-पंधरा टक्के लांब तंतूची चांगली रद्दी मिसळा.